कार्यकर्त्याची दमणूक : एक न लिहिलेला इतिहास

आपल्या चळवळीच्या इतिहासात हुतात्म्यांची नोंद आहे. तुरुंगात गेलेल्यांची आहे, डोकी फुटलेल्यांची आहे. जे फुटून गेले, सत्तेच्या वळचणीला जाऊन बसले, त्यांचीही नोंद आपण चवीने ठेवली आहे. नोंद नाही ती दमलेल्यांची. पंधरा-वीस वर्षे वस्त्या-वस्त्यांतून हिंडलेला, कुणाच्या जातीच्या दाखल्यापासून कुणाच्या मयतीपर्यंत सगळे निस्तरणारा माणूस एके दिवशी सभेला येईनासा होतो. चार जण चौकशी करतात. पाचवा म्हणतो, 'तो संपला.' सहावा म्हणतो, 'विकला गेला असेल.' एवढ्यावर त्याचा इतिहास आटोपतो. तो आजारी होता काय, कर्जात बुडाला होता काय, त्याच्या घरात किती दिवस चूल पेटली नव्हती, की रोज नवे अत्याचार पाहून त्याचे मनच करपून गेले होते, हे कुणी विचारीत नाही. थकणे हा आपल्याकडे जवळजवळ विश्वासघाताचाच एक प्रकार ठरला आहे.

आमचे म्हणणे असे की, दमणूक हा माणसाच्या कणखरपणाचा प्रश्न नाही. तो ओझ्याच्या वाटणीचा प्रश्न आहे. हे म्हणणे ताडून पाहायला परकीय ग्रंथांकडे धाव घेण्याची गरज नाही. आपल्याच पावणेदोनशे वर्षांत त्याचा भरपूर पुरावा पडलेला आहे.

तरीही ज्या शब्दाची आज कार्यशाळांतून आणि अभ्यासक्रमांतून चलती आहे, तो 'बर्नआउट' हा शब्द कोठून आला ते पाहून घेतलेले बरे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हा नाझींच्या छळातून लहानपणीच जर्मनीबाहेर निसटलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःचा व्यवसाय करायचा आणि संध्याकाळी गोरगरिबांसाठी, अमली पदार्थांत अडकलेल्या तरुणांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबायचे, असा त्याचा क्रम होता. तेथे काम करणारे स्वयंसेवक हळूहळू चिडखोर होतात, आजारी पडतात, ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याविषयीच कडवट बोलू लागतात, हे त्याने पाहिले. स्वतःच्या बाबतीतही अनुभवले. व्यसनाने आतून जळून गेलेल्या माणसासाठी रस्त्यावर वापरला जाणारा शब्द त्याने उचलला आणि १९७४ साली त्यावर निबंध लिहिला. जे कामात सर्वांत जास्त झोकून देतात तेच आधी जळतात, हे त्याचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्टिना मॅसलाक या विदुषीने या अवस्थेची तीन अंगे सांगितली : भावनेचा झरा आटणे, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे, आणि आपल्या हातून काहीच झाले नाही असे वाटू लागणे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची दखल घेतली. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष माणसाच्या आत शोधायचा की कामाच्या रचनेत, याचे उत्तर त्यात आहे.

पण हा शब्द आपल्या कार्यकर्त्याच्या अंगाला पुरता बसत नाही. त्यात गृहीत धरले आहे की, काम एकीकडे आहे आणि घर दुसरीकडे. संध्याकाळी काम ठेवून घरी जाता येते. १९७४ सालच्या जानेवारीत, म्हणजे तो निबंध छापून आला त्याच वर्षी, वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि १० जानेवारीला भागवत जाधव मारला गेला. त्या चाळीतला कार्यकर्ता कोठे घरी जाणार होता? ज्या वस्तीची सेवा करायची तीच त्याची वस्ती. ज्या अपमानाची फिर्याद लिहून द्यायची तो त्याच्या आईचा, बहिणीचा अपमान. पगारी समाजसेवकाला निदान रजेचा अर्ज तरी लिहिता येतो. जातीतून रजा मिळत नाही.

मागे जाऊ. १० ऑक्टोबर १८५६ या तारखेचे सावित्रीबाई फुल्यांचे जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पुण्यात एकामागून एक शाळा काढून आठ वर्षे झाली होती. रस्त्यात शेणमाती अंगावर घेऊन शाळेत जायचे, शिकवायचे, पुन्हा तसेच परतायचे. सावित्रीबाई या काळात आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. भाऊ त्यांची शुश्रूषा करतो आहे. त्याच वेळी बहिणीने आणि मेहुण्याने महारामांगांसाठी जे चालवले आहे त्यावरून तो टोचूनही बोलतो. आजारी बाई अंथरुणावरून त्याला उत्तर देते, त्याचे मन वळवते आणि तो सगळा प्रसंग नवऱ्याला कळवते. म्हणजे विश्रांतीच्या जागीही लढाई संपलेली नाही. पत्रात आणखी एक लहानशी गोष्ट आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच मोठी आहे. आपल्या माघारी फातिमावर कामाचा भार पडत असेल याची सावित्रीबाईंना रुखरुख आहे. आणि ती तक्रार करणाऱ्यांतली नाही असा भरवसाही आहे. फातिमा शेखचे नाव आज भिंतींवरच्या चित्रांत दिसते. परंतु तिचे त्या वर्षीचे काम हे होते की, एक बाई दमली तेव्हा दुसरी उभी होती. सावित्रीबाई नायगावला जाऊन बऱ्या होऊ शकल्या, कारण पुण्यात शाळा बंद पडणार नव्हती.

त्यानंतर चाळीस वर्षांनी हेच गणित उलटे झालेले दिसते. जोतीरावांना १८८८ साली अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून पुरा केला, आणि १८९० साली ते गेले. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर असलेल्या यशवंताने पुण्याबाहेर दवाखाना थाटला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणता आणता स्वतः प्लेगने गाठल्या गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. या मृत्यूचे गौरवगान आपण दरवर्षी करतो. ते करावेच. परंतु सत्यशोधक समाज स्थापन होऊन चोवीस वर्षे झाल्यावरही प्लेगचा रोगी उचलून आणायला सहासष्ट वर्षांच्या बाईला जावे लागले, यात त्या बाईचा मोठेपणा जेवढा आहे तेवढीच समाजाची उणीव आहे. आपण पहिली गोष्ट म्हणतो आणि दुसरी गिळतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी जे कार्यकर्ते उभे राहिले ते सगळे पोटासाठी दुसरीकडे राबणारे होते. शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते आणि १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपुरात किसन फागुजी बनसोड्यांनी एकामागून एक पत्रे काढली आणि ती एकामागून एक बंद पडली; त्यांच्या पत्नी तुळसाबाईंचाही या खटाटोपात वाटा होता. जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी बाईच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. सवर्णांच्या ओरडीमुळे ती नोकरी गेली, तेव्हा १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ही पत्रे अल्पायुषी का ठरली, याचे उत्तर आपले संशोधक 'आर्थिक अडचण' या दोन शब्दांत देतात. अडचण आर्थिक होतीच. पण दिवसभर साहेबाच्या ताटाजवळ किंवा गिरणीच्या साच्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाने रात्री अग्रलेख लिहायचा, वर्गणीदारांना पत्रे टाकायची आणि रविवारी परिषदेला जायचे, ही अडचण आर्थिक या शब्दात मावत नाही.

यातला सर्वांत बोलका पुरावा खुद्द बाबासाहेबांनीच ठेवला आहे. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी १९ आणि २० मार्चला महाडची परिषद झाली होती आणि डिसेंबरात दुसरी व्हायची होती. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय ?' या मथळ्याचा लेख आहे. तो बारकाईने वाचावा असे आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगू. दुसरा हात मिळत नसल्यामुळे पत्राचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाला एकट्याने भरून काढावे लागतात, मोबदला काही नाही, रात्री जागून काढाव्या लागतात, हे सगळे त्यात आहे. वकिली, अध्यापन, परिषदा, समित्यांपुढच्या साक्षी सांभाळून हे चालले होते. आणि मग तो पत्नीविषयी लिहितो. नवरा परदेशी असताना संसार जिने ओढला, जिला शेणीचे भारे डोक्यावरून वाहावे लागले, त्या बाईला चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही, असे तो माणूस वाचकांसमोर मांडतो.

हा विलाप नव्हे, हे ध्यानात घ्यावे. मथळ्यातच 'ऋण' हा शब्द आहे, आणि तोही लौकिक ऋण. म्हणजे पुण्य, त्याग, देशसेवा असल्या अलौकिक हिशेबात हे काम घालून मोकळे होऊ नका. हे रोकडे देणे आहे, समाजाने फेडायचे आहे. स्वतःच्या थकव्याला एवढ्या स्पष्टपणे सामाजिक कर्ज म्हणणारा लेख त्या काळच्या मराठी पत्रसृष्टीत दुसरा आमच्या पाहण्यात नाही. आपण मात्र बाबासाहेबांच्या रात्री जागण्याच्या गोष्टी पोरांना सांगतो आणि त्यातून काय काढतो? की तूही जाग! बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत, मग तुला काय झाले? ज्या माणसाने आपल्या जागरणाचे बिल समाजापुढे ठेवले, त्याच्या जागरणाचा आपण चाबूक केला.

ते बिल फेडले गेले काय? 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ रोजी बंद पडले. अडीच वर्षे एका माणसाच्या डोळ्यांवर चालले आणि थांबले. परंतु २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' निघाले, तेव्हा रचना बदललेली होती. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा निरनिराळ्या हातांनी ते सांभाळले. बाबासाहेब लिहीत राहिले. पण रकाने भरण्याची वेठ त्यांच्या एकट्यावर राहिली नाही. 'जनता' अधूनमधून अडखळत का होईना, पाव शतक चालले आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. माणसे तीच, गरिबी तीच, शत्रूही तेच. फरक पडला तो वाटणीने.

रमाबाईंच्या वाट्याला मात्र ही वाटणी आली नाही. चार लेकरे गेली. राजरत्न १९२६ साली गेला. आणि त्या स्वतः २७ मे १९३५ रोजी गेल्या. धारवाडच्या वसतिगृहातली त्यांची एक आठवण सर्वत्र सांगितली जाते : मुलांच्या जेवणाचे धान्य संपले, अनुदान आले नव्हते, तेव्हा रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. गाण्यांतून, भाषणांतून ही गोष्ट ऐकताना सभेतले लोक डोळे पुसतात. आम्हीही पुसले आहेत. पण वसतिगृह म्हणजे पोरांची रोजची भूक. ती एका आजारी बाईच्या बांगड्यांवर किती दिवस टिकणार? दुसऱ्या महिन्यात काय झाले, हे त्या गाण्यांत नसते. त्यागाची गोष्ट सांगताना व्यवस्थेची त्रुटी झाकली जाते, आणि मग प्रत्येक वसतिगृहाला एक रमाई हवी असते. कार्यकर्त्याच्या बायकोकडून तर ती अपेक्षा बिनबोभाट केली जाते. 'यांना चळवळीचे फार वेड' असे ज्या बायका हसत सांगत आल्या, त्यांच्या शिवणकामावर, मोळीवर, पालिकेच्या झाडूवर किती शाखा चालल्या, याचा हिशेब कोणत्याच अहवालात नाही.

दमणूक ओळखून वेळीच थांबणे, याचाही एक मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. आणि गंमत अशी की त्याला आपण थांबणे म्हणतच नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. रामनवमीला रथावरून दगडफेक झाली, मारामाऱ्या झाल्या. त्याची झळ नुसत्या सत्याग्रहींना लागली नाही. खेड्यापाड्यांत लोकांची कामे गेली, बहिष्कार पडले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षामागून वर्ष तो ओढत होते. एका सत्याग्रहाला पाच वर्षे हा काळ किती असतो, हे ज्याने आठ दिवस उपोषणाच्या मंडपाची व्यवस्था पाहिली आहे त्याला कळेल. पाण्याचा ड्रम कुणी भरायचा, जामीन कुणी व्हायचे, तुरुंगातल्याच्या घरी शेरभर ज्वारी कुणी पोचवायची.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून हा सत्याग्रह आता थांबवावा असे सांगितले. त्यातली विचारसरणी थोडक्यात अशी : मूर्तीच्या दर्शनाने आपला उद्धार होईल म्हणून हा लढा मांडलेला नव्हता. आपल्या लोकांत चैतन्य यावे, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून मांडला होता. ते काम झाले आहे. आता उरलेली शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर एकवटली पाहिजे. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि त्या वळणावर हा अध्याय संपला. दरवाजा उघडलेला नव्हता. प्रतिष्ठेचा प्रश्न करून आणखी दहा वर्षे माणसे झिजवता आली असती. बाबासाहेबांनी माणसांची शक्ती ही मोजून खर्च करायची गोष्ट मानली. ज्या पुढाऱ्याला आपले लोक किती दमले आहेत हे कळते, त्याला नवी दिशाही दिसते. नंतरच्या काळात हे शहाणपण आपण किती जपले, हा प्रश्न विचारायला हवा.

दादासाहेब स्वतः टिकले. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, ६ डिसेंबर १९६४ पासूनचा त्याहून मोठा सत्याग्रह, संसद, खेड्यांतले दौरे, असे १९७१ साली मृत्यू येईपर्यंत. नाशिकच्या त्याच मातीत शांताबाई दाणी टिकल्या. लग्न केले नाही. मुलींचे शिक्षण, वसतिगृह, पक्ष, विधान परिषद यांत आयुष्य घातले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'रात्रंदिन आम्हा'. तुकोबांच्या अभंगातले हे दोन शब्द त्यांनी निवडले आणि तिसरा वाचकावर सोडला. ही माणसे टिकली ती काही पोलादाची होती म्हणून नव्हे. खेड्यात गेल्यावर भाकरी कुणाच्या घरची हा प्रश्न त्यांना पडत नव्हता. जलशाचा तमासगीर गावात आला की त्याच्या अंथरुणाची सोय वस्ती करीत होती. भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत जी गाणारी माणसे गावोगाव फिरली, त्यांचा संसार फाटकाच राहिला, पण त्यांना एकटे कुणी पाडले नव्हते. पुढे लाउडस्पीकर आले, सुपारी आली, निवडणुकीचे व्यासपीठ आले. भाकरीची वाटणी मागे पडली.

खुद्द बाबासाहेबांची शेवटची वर्षे हे या इतिहासातले दुखरे पान आहे. मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, डोळे दुबळे झाले होते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला असे ते बोलले. ३१ जुलैला दिल्लीत त्यांनी नानकचंद रत्तूंपाशी मन मोकळे केले : हा काफिला इथवर आणला, तो पुढे नेणारे कुणी दिसत नाहीत. या दोन्ही प्रसंगांचा उपयोग आपण बहुधा एकमेकांना दटावण्यासाठी करतो. पण मॅसलाकबाईंनी सांगितलेले तिसरे अंग, आपल्या हातून काही झाले नाही ही भावना, एवढ्या उंचीच्या माणसालाही गाठते, हे त्यातून दिसते की नाही? आणि त्याच वेळी दुसरी बाजूही पाहावी. हाच माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता, कुत्री पाळत होता, बागेत रमत होता. सरकारी नोकरीचा दिवस संपवून रत्तू अलीपूर रोडवर येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. ५ डिसेंबरच्या रात्रीही ते तेथे होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या हाती आला त्यात या कारकुनाच्या रात्रींचा वाटा आहे.

१९५७ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांच्या आत फुटला. या फुटींची कारणे वैचारिक, व्यक्तिगत, काँग्रेसी अशी बरीच सांगून झाली आहेत. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाही. पण प्रत्येक फुटीनंतर खालच्या थरातल्या कार्यकर्त्याचे काय होते? तो काल ज्याच्या घरी जेवला त्याच्याशी आज बोलायचे नाही असा हुकूम येतो. दमलेल्या माणसाला जो आधार असतो तो विचाराइतकाच ओसरीचा असतो, आणि फूट आधी ओसरी बंद करते. २९ मे १९७२ ला मुंबईत सुरू झालेली पँथर १९७४ साली फुटली आणि १९७७ च्या मार्चमध्ये बरखास्तीची घोषणा झाली. पाच वर्षांत त्या पोरांनी जे केले ते अचाट होते. विशीतली, पंचविशीतली पोरे. नोकरी नाही, खटले मात्र कैक. खटल्यांच्या तारखा संघटना संपल्यावरही चालूच राहिल्या, आणि तारखेला कोर्टात जायला लागणारे भाडे ज्याचे त्याने काढले.

नामांतराचा लढा तर दमणुकीचीच परीक्षा होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. साडेपंधरा वर्षे! मराठवाड्यात घरे जळाली, पोचिराम कांबळे मारला गेला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारेने स्वतःला जाळून घेतले. दरम्यान एक पिढी विद्यार्थी म्हणून मोर्चात आली आणि बाप होऊन बाहेर पडली. आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्यांवर गोळीबार होऊन दहा माणसे मेली, तेव्हा थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्या सांस्कृतिक वर्तुळात ते वर्षानुवर्षे गायले त्यापासून ते आधीच दुरावलेले होते. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटाने ही कहाणी जगापुढे नेली. एका माणसाच्या मृत्यूला एकच कारण लावणे उथळपणाचे होईल, आणि अशा मृत्यूला हौतात्म्याचा शेंदूर फासणे तर घातकच. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच : गोळीबारानंतरच्या त्या दिवसांत मोर्चे निघाले, निवेदने निघाली, पुढारी आले, प्रेते पाहिलेल्या, गाणी लिहिणाऱ्या माणसाच्या दारात नुसता बसायला कोण गेले होते?

अशा बसण्याचा नियम मात्र आपल्याच परंपरेत आहे. विनयपिटकाच्या महावग्गात प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो. भगवान बुद्ध आणि आनंद त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. मग बुद्ध इतरांना विचारतात, याची शुश्रूषा कुणी का केली नाही? उत्तर मिळते की, तो भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून. हे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे असे वाटत नाही; आपल्या कोणत्याही तालुका कार्यालयात ते ऐकू येते. त्यावर बुद्धांनी करुणेचे प्रवचन देऊन विषय संपवला नाही. तुम्हाला येथे आईबाप नाहीत, एकमेकांना तुम्ही पाहिले नाही तर कोण पाहणार, असे सांगून त्यांनी नियम घालून दिला : कुणी कुणाची शुश्रूषा करायची, त्यांचा क्रम, कुणीच नसेल तर संघाने करायची, न केल्यास दोष. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात घेतला आहे. दया ऐच्छिक असते. संघात सेवा करणाऱ्याची सेवा हा कायदा होता.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्टही अशीच. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले आणि तरी काही साधले नाही म्हणून तो घरी परतायचा विचार करू लागला. बुद्धांनी त्याला भित्रा म्हटले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून तारेचा ताण किती असावा हे त्याच्याच भाषेत विचारले. आणि पावसाळ्याचे तीन महिने भटकंती बंद करून एका जागी राहण्याचा वर्षावास! त्याचे मूळ कारण भिक्खूंना विसावा देणे हे नव्हते. पावसात उगवलेले गवत आणि जीवजंतू तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. तरी त्यातून वर्षाकाठी तीन महिने थांबण्याची संस्था तयार झाली. आज महाराष्ट्रात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. उत्तम आहे. मात्र वाचायला उभा राहणारा बहुधा तोच असतो जो दिवसभर ड्यूटी करून, वाटेत पोलीस ठाण्यात एकाचे प्रकरण पाहून आलेला असतो. थांबण्याचा काळही आपण त्याच्या कामांच्या यादीत घातला.

आता सेवेच्या कामांत आपली माणसे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथे हाच इतिहास सरकारी शिक्क्यासह चालू आहे. अनुदानित वसतिगृहांतले अधीक्षक आणि स्वयंपाकी दिवसरात्र पोरे सांभाळतात. पण त्यांना वेतनश्रेणी हवी म्हटले की, ते कर्मचारी नव्हेत, मानधनावरचे आहेत, असे ऐकवण्यात दशके गेली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा त्यातल्या आशांना 'स्वयंसेविका' हे नाव दिले गेले. २०२० च्या साथीत घरोघरी फिरून रोगी शोधण्याचे काम त्यांच्यावर आले; २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला; आणि मानधनासाठी त्यांना पुन्हा रस्त्यावर बसावे लागले. अशा बायांसाठी कुणी तणावमुक्तीची कार्यशाळा घेतो, श्वास आत-बाहेर करायला शिकवतो. श्वासाला आमची हरकत नाही. विपश्यनेची परंपरा आपलीच आहे. पण बारा तासांच्या कामाचे आठ तास करणे, आजारपणात दुसरी बाई देणे, प्रवासभाडे वेळेवर देणे, या गोष्टी कार्यशाळेच्या पत्रिकेत का नसतात? फ्रॉइडेनबर्गरने आपल्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना पाळ्या बदला, काम वाटून घ्या, दमलेल्याला काही काळ पूर्ण बाहेर काढा आणि त्याला एकटे सोडू नका, असे व्यवहारी उपायच सुचवले होते. १८५६ साली फातिमा शेख पुण्यात तेच करीत होती.

हा इतिहास लिहायचा तर साधने कोठून आणायची, हा प्रश्न अभ्यासक विचारतील. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन भेटल्या, त्यांचे बोलणे उतरवून घेतले, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. तोवर त्या स्त्रियांचे नाव कोणत्याही अधिवेशनाच्या वृत्तांतात धड नव्हते. तसेच काम दमलेल्या कार्यकर्त्यांच्या बाबतीत व्हायला हवे : त्यांच्या डायऱ्या, उधारीच्या वह्या, कोर्टाच्या तारखांचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, बायकांच्या आठवणी. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकेका तालुक्यातले असे दहा जण शोधायला सांगितले तरी चार-पाच वर्षांत मोठा साठा होईल. पँथरच्या पिढीतली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत, आणि नामांतराच्या लढ्यातले विद्यार्थी साठीच्या पुढे आहेत.